छावणीच्या टेबलावरचा फाऊल

इंग्लंडच्या फुटबॉलचं वाटोळं नेमकं कुणी केलं, हे अख्ख्या जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस माझा साडू असावा, हे माझं नशीब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ गंगापूरच्या पुढं लग्नालासुद्धा जात नाहीत, पण लंडनच्या कुठल्या मैदानावर गवत किती वाढवलंय यावर तास तास बोलतील. शनिवारी संध्याकाळी मी चुकून त्यांच्याकडं गेलो की संपलं. "अहो, ह्याला काय फुटबॉल म्हणायचं? गोल झाला की नाचायचं सोडून समदे पडद्याकडं बघत उभे! पायाचा अंगठा पुढं होता म्हणून ऑफसाइड म्हणं. अंगठा!" मग गोलकीपरची पाळी. तो बॉल लांब मारत नाही, शेजारच्याला देतो, शेजारचा परत त्यालाच देतो. या प्रकाराला साडू 'तहसील कचेरी' म्हणतात. गुडघा धरून लोळणारा खेळाडू दिसला की हातातला कप आपटतात. माझी मेहुणी आता त्यांना स्टीलच्या पेल्यातच चहा देते.

स्नूकर हा त्यांचा खरा देव, पण त्या देवाचीही धडगत नाही. "पोरं नुसती धडाधड बॉल पाडतात. समोरच्याला अडवून ठेवायची मजाच गेली. आता तर अरबांच्या मुलखात टेबलावर सोन्याचा बॉल ठेवतात म्हणं. उद्या हिऱ्याची स्टिक आणतील!"

हे सगळं ऐकून घेणारा हक्काचा माणूस मी नव्हतोच. ते होते छावणीतले मिर्झाभाई. सायकलचं दुकान, तरुणपणी छावणीच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळलेले. साडूंना दोन्ही खेळ त्यांनीच शिकवले. उत्तर इंग्लंडातल्या एका सदा हरणाऱ्या क्लबचे मराठवाड्यात दोनच चाहते असावेत, ते म्हणजे हे दोघं. आणि त्या क्लबच्या मॅनेजरला ठेवावं की हाकलावं, यावरून यांचं बिनसलं! मिर्झाभाई एवढंच म्हणाले, "थोडा वक्त दो मियाँ उसकू." साडू पेटले. "तुम्हाला काय कळतंय फुटबॉलमधलं?" हे त्या माणसाला, त्याच्याच दुकानात, गिऱ्हाइकासमोर. मिर्झाभाई पंक्चर काढत होते, त्यांनी मान वर केली नाही. पुढं क्लबनं तो मॅनेजर हाकलला, नवा आणला, तोही हाकलला. यांचं बोलणं मात्र बंद ते बंदच. ईदला शिरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला फराळाचा जायचा, पण ते सगळं बायकाबायकांत.

तरी रविवारी छावणीतल्या स्नूकर पार्लरात दोघं जायचेच, कारण मोठ्या टेबलावर खेळणारं तिथं दुसरं कुणी उरलं नव्हतं. खेळायचं आणि मुक्यानं घरी यायचं. तिथं पंच नसतो. आपल्या हाताचा, बाहीचा बॉलला धक्का लागला तर ज्याचा त्यानंच "फाऊल" म्हणायचं, आणि चार पॉइंट समोरच्याला. दोघांत तेवढा एकच शब्द राहिला. मी एकदा म्हटलं, "अहो, ते वयानं मोठे, तुम्हीच बोला की." तर म्हणे, "आधी त्यांनी बोलावं. मी नाय." आता या हट्टाला काय म्हणायचं!

यंदा ऐन थंडीत मिर्झाभाई गेले. साडू कब्रस्तानात सगळ्यांच्या मागं उभे राहिले, माती दिली आणि घरी आले.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्यांच्याकडं गेलो. आदल्याच दिवशी त्यांचा क्लब चक्क जिंकला होता. विचारलं, "कशी झाली मॅच?"

"बरी झाली."

मी घाबरलोच. या माणसाच्या तोंडी 'बरी'! मेहुणी चहा टाकायला आत गेली, तसे तेच म्हणाले, "शेवटी शेवटी मिर्झाभाई लई फाऊल म्हणायचे."

"वय झालं होतं. हात थरथरत असेल."

"नाय हो. बाही लागतच नव्हती. मी काय आंधळा हाय? बॉल जरासुदीक हलायचा नाय, अन् ते फाऊल म्हणून माझ्याकडं बघत उभे राहायचे."

मला साडूंचा राग आला. "मग तुम्ही काय बोललात?"

साडूंनी बंद टीव्हीचा रिमोट उचलला आणि परत ठेवला.

"काय बोलणार? दर बारीला चार पॉइंट घेतले."