लंकाबाईची इंजिनाची करवत

रतनवाडीची लंकाबाई वीस वर्षं नवऱ्याच्या करवतीचं दुसरं टोक ओढत होती. गाव म्हणे, आसाराम लाकूड कापतो आणि बायको हात लावते. तिचं म्हणणं, तो नुसता लोंबकळतो.

दुसरी मोठी लढाई संपली आणि नगरला लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं. जंगलाच्या ठेकेदारानं त्यातून पेट्रोलवर चालणारी, दोघांनी धरायची साखळीची करवत उचलली. त्याचे कारकून दत्तोपंत इंग्रजी पुस्तक काखेत मारून करवतीसोबत डोंगर चढले. यंत्र चार गड्यांनी पालखीसारखं वाहून आणलं.

"देव असता तर परसाद तरी मिळाला असता," लंकाबाई म्हणाली.

वरच्या धारेवर एक वाळलेलं जांभूळ पाडायचं होतं. "बायकांचं काम नव्हे हे," म्हणत पंतांनी स्वतःच एक टोक धरलं. आसारामनं दोरी ओढली. इंजिन काळा धूर ओकलं, खोकलं आणि बसलं. तीनदा तेच. खाली भंडारदऱ्याला तर ते छान गुरगुरत होतं.

लंकाबाईनं धुराचा वास घेतला. "पंत, वर हवा पातळ हाय आन् तुमी त्येल तेवढंच पाजताय. चुलीत लाकडं कोंबली की माझी चूलबी अशीच धुमसती. कमी करायचं कुठं लिवलंय का बगा."

पंतांनी पानं चाळली. पेट्रोल कमी-जास्त करायचा एक स्क्रू सापडला. तो जरासा पिळला आणि इंजिन स्वच्छ गरजलं. पंतांनी टोक सोडून दिलं.

लंकाबाईनं पदर खोचला. "पंत, धोतर आवळा. साखळी सोवळंओवळं बघत न्हाई." झाड उताराकडं पडणार होतं, म्हणून तिनं आधी वरच्या अंगाला तिरकी पळवाट धोंडे काढून मोकळी केली. मग तिनं आणि आसारामनं उताराच्या बाजूला खाच घेतली, मागून काप घातला, करवत कापात अडकू नये म्हणून पाचर ठोकली.

जांभूळ करकरलं. तेवढ्यात तिला दिसलं, पंत खाली जाऊन खाच न्याहाळत उभे आहेत. इंजिनापुढं हाक ऐकू जाईना. तिनं टोक सोडलं, आसारामनं इंजिन बंद केलं. ती धावली. हाताला शेंडी लागली, तीच धरून ओढलं. झाड कोसळलं. पुस्तक झाडाखालीच राहिलं.

लंकाबाई धोंड्यावर टेकली.

शेंडी चाचपत पंत म्हणाले, "शेंडी धरलीत तुम्ही माझी."

"व्हय. मान धरायला येळ नव्हता."

पंतांनी ठेकेदाराला कळवलं, करवत शिकायची तर लंकाबाईकडेच शिकावी. घाटघरहून गडी येऊ लागले. यंत्राला हात लावू देण्याआधी ती प्रत्येकाला पळवाटेवरून तीन वेळा पळवायची. मिशीवाले गडी कुरकुरत, पण पळत.

दोन हंगामांनी साखळी तुटली, नवी काही मिळाली नाही. तोवर तिच्या हाताखाली कुणाचं बोटही गेलं नव्हतं.