पप्पांच्या पथ्यातून उरलेलं

आमच्या घरात मधुमेह एकट्या पप्पांना होता. म्हणजे आम्ही तसं धरून चाललो होतो. सरकारी नोकरीत असतानाच त्यांची साखर वाढलेली निघाली आणि तेव्हापासून विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांवर त्यांच्या पथ्याचं राज्य सुरू झालं. भात वाटीभर, भाकरी अर्धी, गोड बंद. विहारात कुणी साखरेचा विषय काढला की पप्पा छाती पुढं काढून सांगायचे, "मनावर ताबा पाहिजे." ताबा आईचा होता, छाती तेवढी त्यांची, हे मला दिसत होतं. पण म्हातारा माणूस खूश आहे तर असू दे, म्हणून मी गप्प बसायचे.

घरात गोड यायचं काही थांबलं नव्हतं. ईदला समोरच्यांकडून शीरखुर्मा, दिवाळीत शेजारचा फराळ, बुद्धपौर्णिमेची खीर, उन्हाळ्यात आमरस. झाकून ठेवलं तर पप्पांचा हात जाईल, आणि टाकून देणं आईला माहीतच नव्हतं. मग ती ओट्याशी उभ्या उभ्या सगळं संपवायची. पप्पांनी बाजूला सारलेला भात, त्यांना वर्ज्य झालेली दुधावरची साय, पातेल्याच्या तळाची खीर. ताट वाढून घेऊन बसलेली आई मी क्वचितच पाहिली. जेव म्हटलं की म्हणायची, "माझं झालं की." आणि खरंच झालेलं असायचं.

तिची तपासणी झाली तीसुद्धा या स्वभावामुळेच. पप्पांच्या वर्षाच्या तपासण्यांबरोबर लॅबवाल्यांनी बायकोच्या तपासण्या फुकट ठेवल्या होत्या. मी हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमधून फोनवर तिला विनवत होते, ती काही ना काही कारण काढून टाळत होती. शेवटी म्हटलं, "नाही गेलीस तर वाया जाईल ते." त्याच सकाळी गेली.

रिपोर्ट आले. पप्पांचे आकडे नेहमीसारखे आटोक्यात. आईची तीन महिन्यांची सरासरी साखर त्यांच्यापेक्षा कितीतरी वर. रक्तातली चरबी वाढलेली, युरिक ॲसिड वाढलेलं. त्यामुळंच तिच्या पायाचा अंगठा मधूनमधून सुजून लालबुंद व्हायचा, त्याला ती 'चप्पल लागली' म्हणत आली होती. आम्ही शहाण्यांनी तिला नवी चप्पल आणून दिली होती.

रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं पप्पांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. "लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. आता साखर आवरली नाही तर किडन्या हातच्या जातील," त्या म्हणाल्या. मग आईकडे वळून विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

आई पाठ म्हणून दाखवावा तशी सुरू झाली. "उठल्यावर मेथ्यांचं पाणी. नाश्त्याला मुगाचं एक धिरडं. दुपारी अर्धी भाकरी, उसळ, काकडी, वाटीभर भात..."

"हे यांचं झालं," बाईंनी तिला थांबवलं. "तुमचं सांगा."

आईनं पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी माझ्याकडे. मला संताप आला, कुणावर ते धड कळेना, आणि मग नुसती भीती वाटायला लागली.

परतताना रिक्षा आळंदी रोडच्या सिग्नलला थांबली तेव्हा पप्पा म्हणाले, "माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरात सगळ्यांना बजावलं होतं, यापुढं कुणाचं उष्टं खायचं नाही. जन्मभर मी चारचौघांत ते अभिमानानं सांगत आलो." मग आईकडे न बघताच म्हणाले, "आणि ही माझं खात राहिली."

"घरातलं कधी उष्टं असतं का?" आई म्हणाली. ती मनापासून तसं मानत होती, आणि तेच मला फार लागलं.

त्या संध्याकाळी पप्पांनी तिला आमच्याबरोबर जेवायला बसवलं. ती अवघडून जेवली. भात उरला. हात धुऊन आल्यावर सवयीनं तिनं पातेलं जवळ ओढलं. पप्पा उठले, तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत उपडं केलं.

"अहो, अन्न आहे ते!" आई ओरडलीच.

"इतकी वर्षं तुझ्या पोटात टाकलं, तेही अन्नच होतं." पप्पा म्हणाले. "उद्यापासून मोजकं शिजव. ज्याला जेवढं लागतं तेवढंच."

आईनं तांदळाचा डबा उघडला आणि मापाची वाटी हातात धरून आमच्याकडे वळली.

"तुमचं दोघांचं ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला किती लागतं हो?"