सत्तेची भूक आणि चार कप चहा

माझ्या नवऱ्याला स्वयंपाकघराचा प्रमुख मीच नेमलं. तेव्हा मी शुद्धीत होते.

दोष आमच्या ऑफिसातल्या ट्रेनिंगचा. माणूस काम का करतो, यावर एक मॅडम दिवसभर बोलल्या. कुणाला यशाची भूक असते, कुणाला माणसांच्या प्रेमाची, कौतुकाची, कुणाला सत्तेची. ज्याची जी भूक ती भागवा, की तो आपणहून कामाला लागतो. बाकीचे जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होते. मला मात्र लग्नानंतर प्रथमच आशा वाटली! संध्याकाळी दमून आल्यावर कुणीतरी आयता चहा हातात द्यावा, एवढंच माझं मागणं होतं. आणि आमचे हे सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर. म्हणजे भूक सत्तेची, यात शंकाच नको.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये शिरताच मी जाहीर केलं, "अहो, आजपासून स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात. तुम्ही म्हणाल तसं."

ह्यांचे डोळे असे चमकले, की मी मनातल्या मनात पहिला घोट घेतलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर हे ओट्याजवळ खुर्ची टाकून बसलेले. चहाचं विचारलं, तर म्हणाले, आधी व्यवस्था समजून घेतोय. त्यानंतर मिसळणाच्या डब्याला चक्क कुलूप! हळद हवी असेल तर कारण सांगायचं. (मी सांगितलं, भाजी पिवळी करायची आहे. त्यांनी ते विचाराधीन ठेवलं. आम्ही पांढरी भाजी खाल्ली.) मी हबकलेच. सत्ता मिळालेला माणूस काम करत नाही, करवून घेतो, हे मॅडम बोलल्याच नव्हत्या!

शुक्रवारी तर कहरच झाला. ह्यांच्या ऑफिसातले दोघे माझा फ्रिज उघडून आत डोकावत होते.

"सुधा, कमिटी बसवली आहे," हे गंभीरपणे म्हणाले. "या घरात चहा वेळेवर का होत नाही, त्याची चौकशी. चल, चार कप टाक."

मी टाकले. सगळा राग चहात घालायच्या आल्यावर काढला, अगदी लगदा होईपर्यंत ते ठेचलं.

कमिटीतल्या मल्होत्राजींनी घोट घेतला, डोळे मिटले. "भाभीजी, ऐसी चाय पूरी दिल्ली में नहीं मिलेगी."

कुलूप फेकायचं, कमिटीला हाकलायचं, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण तोंडातून बाहेर पडलं, "आधा कप और लेंगे?"

इतक्यावरही मी थांबले नाही. उद्या भजी खायला या, असं निमंत्रण देऊन बसले!