बारावे पाऊल आणि उसाचा रस

माझ्या बायकोच्या भावाने माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला फसवले. अंगठ्याला म्हणजे मलाच. पण मी आजवर कोणाकडून फसलो नाही अशी नागपूरच्या सक्करदऱ्यात माझी ख्याती असल्यामुळे हे प्रकरण मी अंगठ्याच्या नावावर टाकतो.

माझा धंदा जुन्या दारांचा. पाडायला काढलेल्या बंगल्यांची सागवानी दारे, खिडक्या, चौकटी मी उचलतो आणि नवे घर बांधणाऱ्यांना विकतो. गावाहून नागपूरला आलो तेव्हा अंगावर एक सदरा होता, आणि तोही थोरल्या भावाचा. पुढे जे मिळवले ते घासाघीस करून. माझी सारी विद्या एका गोष्टीत आहे: निघून जाणे. भाव ऐकायचा, छातीवर हात ठेवायचा, "राहू द्या, साहेब" म्हणायचे आणि पाठ फिरवून चालू लागायचे. मागे वळून बघायचे नाही, मनात पावले मोजायची. बाराव्या पावलाच्या आत हाक येतेच! (आणि हाक मारणारा माणूस हरलेला असतो, हे त्याला सोडून सगळ्यांना कळते.)

अर्ध्या नागपूरला मी दारे पुरवली, पण माझ्या घराला दार नव्हते. पत्र्याचा एक तुकडा होता, तो सुतळीने बांधायचा. आणलेले प्रत्येक दार घरी लावायच्या आधीच त्याला गिऱ्हाईक यायचे. माझी बायको, कमल, हे चौदा वर्षे ऐकवत होती.

"पत्रा मजबूत असते, वं," मी म्हणायचो.

"मजबूत? परवा गाय अंदर आली, माठातलं पाणी पेली अन् गेली बाहेर. तुमी घोरतच होते!"

शेवटी कामठीला एका दाराचा पत्ता लागला. मिलिटरीतून निवृत्त झालेला एक म्हातारा डॉक्टर आपला जुना बंगला पाडणार होता. त्याचे पुढचे दार बघितले आणि मी चेहरा पाडून घेतला. (वस्तू आवडली की चेहरा पाडायचा, हे दुसरे शास्त्र.) दोन फळ्यांचे अस्सल सागवान, पितळी कड्या, बोटाने ठोकले तर मंदिरातल्या घंटेसारखा आवाज! डॉक्टर म्हणाला, चारशे. मी छातीवर हात ठेवला आणि निघालो. दहाव्या पावलाला हाक आली, "अरे भाई, सुनो! तीनशे."

तिथेच घ्यायला हवे होते. पण जो एकदा हाक मारतो तो दुसऱ्यांदाही मारतो. "पंधरा दिवसांनी येतो," असे सांगून मी घरी आलो आणि दार आपलेच झाले म्हणून कमलला सांगितले. दुसऱ्याच दिवशी तिने गवंडी बोलावून नव्या चौकटीसाठी पुढची भिंत फोडून घेतली!

"दार यायच्या आधी भिंत काहून फोडली?" मी ओरडलो.

"आता हे दार कोणाले विकता ते पायतो मी," ती म्हणाली. भर उन्हाळा, बाहेर लू चाललेली, आणि घराला पुढून बैलगाडी जाईल एवढे भोक.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगठा सुजला. सुजला म्हणजे वांगे झाला, जांभळा आणि तुकतुकीत. चादरीचे टोक लागले तरी माझी किंकाळी सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत जाई. अंगठ्यावर माशी बसली तर मला तिचे वजन कळायचे. मोहल्ल्यातल्या डॉक्टरने लांबूनच बघितले.

"गाउट आहे. रक्तात युरिक ऍसिड वाढलं. मटण बंद, कलेजी बंद, दारू बंद."

"दारू मी घेतच नाही. तिच्या बदल्यात मटण महिन्यातून दोनदा ठेवा."

"भाजी घ्यायले आले का तुम्ही?"

"बरं, कलेजी सोडली. मटण एकदा. शेवटचं बोला."

"एकदाही नाही. गोळ्या घ्या, पाणी भरपूर प्या."

"अन् गोड?"

डॉक्टरने हात हलवला. आमच्या धंद्यात हात हलला की सौदा पक्का! मटण गेले पण गोड वाचले, एवढा फायदा पदरात पाडून मी लंगडत बाहेर आलो.

आता माझा साळा, म्हणजे कमलचा भाऊ. वामनची तलावाच्या काठी रसवंती होती. शिक्षण सातवी नापास, पण दिवसभर चरकाजवळ उभे राहून तो साऱ्या गिऱ्हाइकांची दुखणी ऐकायचा, आणि त्यामुळे आपण अर्धे डॉक्टर झालो अशी त्याची समजूत होती. (उरलेला अर्धा मूर्ख होता. पहिलाही.)

"भाऊजी, ऍसिड म्हणजे काय? आंबट! आंबटाले कोण मारते? गोड! सकाळी एक गिलास, संध्याकाळी एक गिलास रस घ्या. सगळं धुऊन निघते."

हे शास्त्र मला पटले, कारण ते स्वस्त होते. पण गिलासागणिक पैसे देणे माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, "वामन, उक्तं बोल. साऱ्या उन्हाळ्याचे एकदाच पैसे घे, मग मी पाहिजे तेवढा पिईन."

"नाही जमत, भाऊजी. ऊस महाग आहे."

मी छातीवर हात ठेवला, काठी टेकली आणि लंगडत निघालो. पाचव्याच पावलाला त्याने हाक मारली. त्याची बहीण माझ्या घरात होती ना!

आता मला सांगा, उक्त्यात घेतलेल्या रसाचे रोज दोनच गिलास पिणे म्हणजे वामनला नफा करून देणे नाही का? मी पहिल्या दिवशी सहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी दहा. वामन किटली भरून घरी आणून द्यायचा आणि तोंड पाडून परत जायचा. मटण बंद झाल्यामुळे कमलही पेटली होती. शिरा, पुरणपोळी, वरून त्याच रसाची खीर! रसाच्या सहाव्या दिवशी अंगठ्याची सूज उतरली. गोळ्यांनी उतरली असेल, पण गोळ्या काही उक्त्यात घेतल्या नव्हत्या, म्हणून श्रेय मी रसाला दिले आणि चौदा गिलासांवर गेलो. प्रत्येक घोटाला वामनचे नुकसान होत होते, आणि त्याची गोडी रसापेक्षा जास्त होती.

कामठीला दिलेली पंधरा दिवसांची मुदत संपली त्या दिवशी, म्हणजे दाराच्या दिवशीच, सकाळी उठलो तर अंगठा परत वांगे! या वेळी घोट्यालाही सोबत घेऊन. त्यात बातमी आली की इतवारीतला एक व्यापारी दुपारी तेच दार बघायला चालला आहे.

"पुढच्या हप्त्यात पाहू," मी कण्हत म्हणालो.

कमलने भोकाकडे बोट दाखवले. "आज दार नाही आलं तर मी चालली त्याच भोकातून माहेरी. वामन, उचल तुह्या भाऊजीले!"

सुजलेल्या पायाला काही लागू नये म्हणून तिने त्यावर बांबूची टोपली पालथी बांधली. अशा थाटात मी आणि वामन कामठीच्या बसमध्ये चढलो. कंडक्टरने टोपलीकडे बघितले.

"कोंबडी आहे का? तिचं तिकीट लागते."

"पाय आहे!"

"सगळे असंच म्हणते. उघडा!"

उघडून दाखवला. अख्ख्या बसने बघितला. मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "कोंबडी बरी होती, गा."

कामठीच्या स्टँडपासून बंगला लांब, आणि रिक्षावाला भाव सोडेना. मी सवयीने निघून जायला लागलो आणि एका पावलात खाली बसलो. तेवढ्यात वामनने आपल्या ओळखीच्या रसवाल्याची हातगाडी मागून आणली. चरक उतरवून ठेवला होता, पण घुंगरांची माळ गाडीलाच राहिली होती. असा मी, जुन्या दारांच्या धंद्यातला नावाजलेला माणूस, उसाच्या चिपाडांवर बसून, टोपली पुढे करून, छुम छुम करत बंगल्यात शिरलो. दोन माणसे गिलास मागायला मागून धावत आली.

म्हातारा डॉक्टर व्हरांड्यात खाकी हाफपँट घालून बसला होता. तो उठून थेट टोपलीपाशी आला.

"गाउट! कब से?"

"डॉक्टरसाहेब, आधी दाराचं बोला. अडीचशे."

"तीनशे बोल चुका हूँ. इतवारीवाला रस्त्यातच आहे."

मी छातीवर हात ठेवला. "राहू द्या, साहेब. वामन, चल!"

वामनने गाडी वळवली. छुम, छुम. मी मागे बघितले नाही. एक, दोन, तीन... आठव्या पावलापर्यंत सगळे शास्त्रशुद्ध चालले होते. दहा. अकरा. अजून हाक नव्हती. बाराव्या पावलाला वामनने गाडी थांबवली आणि मोठ्याने विचारले, "भाऊजी, साहेब तर बोलावूनच नाही राहिले! वापस नेऊ का?"

"चूप! चालत राहा!" मी दातओठ खाऊन म्हणालो.

"पण दार पाहिजेच आहे ना? साहेब! ओ साहेब! हे नुसतेच जाऊन राहिले! ताईनं घरची भिंत फोडून ठेवली आहे हो! दार नाही नेलं तर ताई माहेरी चालली!"

व्हरांड्यात हसण्याचा आवाज झाला. गाडी आपल्या मनाने परत फिरली, निदान माझ्या मनाने तरी नाही.

"चारशे," डॉक्टर म्हणाला.

मी दिले! पहिल्यांदा सांगितलेला भाव, आयुष्यात पहिल्यांदा, एका पैशाने कमी न करता. वामन वर तोंड करून म्हणाला, "झालं ना काम, भाऊजी?"

मग डॉक्टर शांतपणे माझ्याजवळ बसला आणि काय काय खातो ते विचारू लागला. मी अभिमानाने सांगितले की बारा दिवसांत मटणाला शिवलो नाही.

"शाबास. आणि पिता काय?"

"उसाचा रस. रोज चौदा गिलास."

डॉक्टरने चष्मा काढला. "चौदा! अहो, मिलिटरीतलं खेचर एवढी साखर खात नाही! मटणाने युरिक ऍसिड वाढतं, खरं आहे. पण साखरेनेही वाढतं. साखरेतला एक भाग लिव्हरमध्ये जातो आणि तिथे तेच ऍसिड तयार होतं. जुने डॉक्टर गाउटवाल्याला गोडही बंद करायचे, ते उगाच नाही. तुम्ही दारांचे व्यापारी ना? मटण पुढच्या दाराने हाकललं आणि साखर मागच्या दाराने पोत्यांनी आत घेतली!"

"पण रसानं सगळं धुऊन निघते ना?" वामनने विचारले.

"पाण्याने निघतं. रसाने भर पडते."

मी काठी उचलली. वामन गाडीच्या पलीकडे झाला आणि तिथून ओरडला, "मी दोनच गिलास म्हटले होते, साहेब! चौदा यायनं, भाऊजीनं केले! उक्त्यात घेतले म्हणून! माही रसवंती बुडायले आली!"

म्हाताऱ्या डॉक्टरने माझ्याकडे जी नजर टाकली, तशी मी किडलेल्या चौकटीकडे टाकतो.

दार घरी आले, बसले. त्यातून पहिला आत आला तो वामन, हातात किटली घेऊन!

"निघ!" मी म्हणालो. "परत या दारात दिसू नको!"

त्याने छातीवर हात ठेवला. "राहू द्या, भाऊजी." आणि पाठ फिरवून चालू लागला. मी सवयीने पावले मोजू लागलो. दहाव्या पावलाला आठवले की उन्हाळा दीड महिना बाकी आहे आणि माझे पैसे त्याच्याकडे आहेत. अकराव्याला आठवले की रसवंतीत बर्फाची लादी असते आणि अंगठा पेटलेला आहे. बाराव्याला कोणीतरी हाक मारली, "थांब गा, वामन! रसाच्या बदल्यात बर्फ दे!"

हाक मी मारली होती. कमल नव्या दाराला टेकून पदरात तोंड घालून हसत होती.

या गोष्टीला वर्षे झाली, पण मी सोडणारा नाही. दोन गिलासांचे चौदा कोणी होऊ दिले? वामन म्हणतो, मी नाही. मोहल्ल्यातला डॉक्टर म्हणतो, मी हात माशी हाकलायला हलवला होता. कमल म्हणते, खीर तुम्हीच मागितली. म्हणजे कोणीच दोषी नाही, आणि ठणकतो मात्र माझा अंगठा! याचा जाब कोणीतरी दिलाच पाहिजे. द्यायला येणाऱ्याने सक्करदऱ्याला खुशाल यावे. फक्त दार जपून लोटावे. पूर्ण किमतीला घेतलेले आहे.