भरतकामाच्या दुकानातली हार्ड डिस्क

रहिमतपूर भागातली ती चोरी माझ्या मनातून जात नाही. गेलेली वस्तू तळहातावर मावणारी होती.

तेव्हा मी सहायक फौजदार होते. सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक कारागीर पिशवीत लॅपटॉप घेऊन ठाण्यात आले. ब्लाउजवर मशीनने भरतकाम करून देण्याचे त्यांचे दुकान. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क कोणीतरी काढून नेली होती. सगळी नक्षी तिच्यात. संशय दुरुस्तीवाल्यावर.

"त्यालाच आत घ्या, बाई. दुसऱ्या कुणाला ते उघडाय येतंय?"

मी लॅपटॉप उलटा करून पाहिला. झाकणाचे सगळे स्क्रू नीट बसवलेले. चोर एवढी निगा राखत नाही. मी अर्ज चौकशीवर ठेवला. दुरुस्तीवाल्याचा जबाब घेतला. तो घाबरला नाही, उलट चिडला. खरा माणूस बहुधा चिडतोच.

मग कारागीर मोबाइल नाचवत आले. सॉफ्टवेअर कंपनीचा मेसेज होता: तुमचे लायसन्स दुसऱ्या लॅपटॉपवर मागितले जात आहे, परवानगी आहे का? कंपनीकडून मागणाऱ्याचा नंबर घेतला. तो निघाला सांगलीला नुकत्याच दिलेल्या त्यांच्या मुलीचा. दुकानातली नक्षी तीच काढायची. माहेरपणाला येऊन गेली होती. कारागीर बाकावर बसले ते उठेनातच.

चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलवत नाहीत, तिच्या घरी जावे लागते. पण नव्या सुनेच्या दारात वर्दी? मी साडी नेसून गेले आणि माहेरच्या गल्लीतली मावशी झाले.

"लय गुणाची पोर दिलीसा," सासूबाई म्हणाल्या. "पर दीसभर त्या लॅपटॉपम्होरं बसती. त्योच नवरा हाय जणू!"

स्वयंपाकघरात मी तिला हळूच खरे सांगितले. तिने चहाची गाळणी खाली ठेवली आणि दार लोटून घेतले.

"आधी नुसती डिझाइनं आणलीवती, ती सॉफ्टवेअरबिगर उघडंनात. म्हणून माहेरपणाला गेल्यावर डिस्कच काढली. तरी सॉफ्टवेअर म्हणतंय, ह्या लॅपटॉपला परवानगी न्हाई."

"वडिलांकडे मागायची."

"लग्नाआधीच हक्कसोडीवर सही केलीया. आता मागितलं तर पोरगी हिस्सा मागती म्हणतील. मावशी, सासूबाईंना कळू देऊ नका. जल्मभर चोरटी म्हणतील."

कंपनीने सांगितले, लायसन्स आधी जुन्या लॅपटॉपवरून सोडवावे लागेल. त्यासाठी डिस्क पुन्हा त्यातच बसवायची. मुलगी डिस्क घेऊन माहेरी आली. मी सगळ्यांना दुकानातच बसवले. डिस्क बसवली त्याच दुरुस्तीवाल्याने. कारागिरांनी खाली मान घालून त्याच्यापुढे चहा सरकवला. कारागिरांच्या मोबाइलवर लायसन्स सोडवायचा ओटीपी आला. त्यांनी मोबाइल छातीशी धरला.

"मग माजं मशीन कशावर चालायचं?"

"मशीन पेनड्राइव्हवर चालतंय आप्पा. डिझाइनं मी तिकडनं पाठवीन."

"मग तोंडानं मागाय काय झालतं?"

"दिल्या घरची पोर काय मागणार?"

कारागिरांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला. मुलगी टाइप करत गेली. शेवटी ते म्हणाले, "तुज्या आईच्या चोळीची नक्षी तेवढी माज्याकडं बी ऱ्हाऊ दे."

वस्तू मिळाली, तक्रार नाही, असा जबाब घेऊन मी अर्ज निकाली काढला. सांगलीच्या घरात यातले काहीच कळले नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत घरातल्या चोरीची तक्रार आली, की मी संशय कोणावर हे नंतर विचारत असे. आधी विचारत असे, तुमच्या घरात मागायला कोण लाजते?