पऱ्हाटीचं धसकट

अमरावतीहून जीपमध्ये दुमडून बसलेले पाय दर्यापूरला सरळ व्हायलाच पाच मिनिटं लागली. पुढे सगळीकडे काळी माती आणि तिच्यात उभी धसकटं (कापलेल्या झाडांचे बुंधे). कपाशी संपली होती.

माझ्या सहकाऱ्याची बहीण शांताताई शेतात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) गोळा करत होती. बांधावर आम्ही भाकरी आणि झणझणीत ठेचा खाल्ला. शेजारचे नामदेवकाकाही जेवायला होते. जेवून ताई अनवाणीच उठली आणि चार पावलांवर एक धसकट तिच्या तळव्यात बोटभर घुसलं.

तिने ते स्वतःच उपसलं. "काका, चुना द्या जरा."

काकांनी तंबाखूची डबी मुठीत घट्ट धरली. "दवाखान्यात चाल, पोरी."

"कावून? लोखंड थोडीच लागलं? लाकूड हाय थे."

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. धनुर्वात म्हणजे गंजका खिळा, एवढंच माझं शहाणपण.

काका शेताकडे बघत म्हणाले, "तुह्या काकूलेबी धसकटच लागलं होतं. म्याच चुना भरला. आठव्या दिवशी तिचा जबडा उघडेना."

ताईने पायाला फडकं गुंडाळलं आणि काकांचा हात धरून ती उठली.

आरोग्य केंद्रात सिस्टरने जखम खोलवर धुतली. "याच्या आधी इंजेक्शन कवा घेतलं?"

"पोरगी पोटात होती तवा." त्या पोरीला आता दोन मुलं आहेत.

"मोठ्या मानसालेबी दर दहा वर्षांनी घ्या लागते. जखम मातीतली असली तं त्याच्याही आधी." इंजेक्शन देऊन सिस्टर माझ्याकडे वळली. माझं शेवटचं शाळेतलं. मी ओशाळून दंड पुढे केला.

"आन् काका, तुमी?"

"बायाइले पोटुशी असताना देता, पोराइले शाळेत देता. मले आजलोक कोनी इचारलं?" असं म्हणत काकांनी बाही वर केली.

अकोल्याहून गाडी धरून मी पुण्याला परतलो. दंड दोन दिवस ठणकत होता, पण धाकधूक होती ती ताईची. आठव्या दिवशी सकाळीच फोन लावला.

"बरी हाय मी," ताई म्हणाली. "काका रोज येते, म्हनते, तोंड उघडून दाखव. आजबी दाखवलं. तं अंगनात बसून लेकरावानी रडले."