दोन्या दोमितिलाचा सैतान

दर वर्षी ख्रिसमसच्या आधी फ्रेस्नो शहराजवळच्या आमच्या मेक्सिकन वस्तीत मेंढपाळांचं नाटक होतं. मेंढपाळ बाळ येशूच्या दर्शनाला निघतात आणि सैतान त्यांना वाटेत भुलवतो. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लोक येतात ते सैतानासाठी. त्याला कुणालाही, अगदी पाद्रीलाही, नावानिशी टोमणे मारायची मुभा असते, आणि ज्याला टोमणा बसला त्याने हसायचं असतं. टोमॅटोच्या कारखान्यात डबे भरता भरता दोन्या, म्हणजे बाई, दोमितिला वर्षभर वस्तीची अंडीपिल्ली गोळा करायची आणि डिसेंबरात सैतान होऊन बाहेर काढायची. ज्याचं नाव राहून जाई तो महिनाभर रुसे.

मग साखरेच्या आजाराने तिचा डावा पाय नेला आणि ‘सर्वांचा रंगमंच’ नावाच्या मंडळाने नाटक नेलं. दोन्ही एकाच वर्षी.

मंडळाची दिग्दर्शिका रेनाटा किंतेरो वस्तीतलीच, पण विद्यापीठातून सामाजिक न्याय शिकून आलेली. आल्यापासून तिला जो दिसेल त्याला ती न्याय देत सुटली होती.

“दोन्या दोमितिला, यंदा तुम्ही देवदूत! व्हीलचेअरवरचा आपला पहिला देवदूत!”

“आणि सैतान?”

“अहो, व्हीलचेअरवरच्या बाईला सैतान दाखवायचं? चुकीचा संदेश जातो.”

“पोरी, दोन पायांवर साठ वर्षं पापं केली. एक पाय गेला म्हणून लगेच संत झाले होय मी?”

रेनाटाला हे इतकं हृदयस्पर्शी वाटलं की तिने डोळे पुसले, आणि देवदूतच दिला. संवाद एकही नव्हता. म्हणे, तुमचं नुसतं असणंच बोलेल. पाय गेला तेव्हा न रडलेली दोमितिला त्या दिवशी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

नाटक चर्चच्या अंगणात झालं. दोमितिलाला कागदी पंख लावून खुर्चीसकट उंच चौथऱ्यावर चढवलं होतं. सैतान होता शाळामास्तर फाबियान, ज्याला डास मारतानाही वाईट वाटायचं. नव्या संहितेत सैतान दुष्ट नव्हताच.

“मेंढपाळांनो,” तो कळवळून म्हणाला, “मीही व्यवस्थेचा बळी आहे!”

पाद्रीने घड्याळ पाहिलं. मागच्या रांगा टमालेच्या, मक्याच्या वाफवलेल्या पुरचुंड्यांच्या, टेबलाकडे सरकू लागल्या. वरून दोमितिलाला नुसत्या पाठी दिसत होत्या. ही तिची माणसं होती, तिच्यासाठी थंडीत उभी राहणारी. तिला राहवेना.

“ए सैताना! शिंगं लावलीस म्हणून भुलवता येतं होय रे? तो बघ आपला अबुंदियो, डॉक्टरांनी खायची बंदी केली म्हणून बायकोपुढे गळा काढतो आणि टमालेला पहिला नंबर! त्याला भुलवायला नको, नुसती वाट सोड! आणि पाद्रीबाबा, घड्याळ काय बघता? तुमच्या प्रवचनात आम्ही बघतो का?”

पाठी वळल्या. अबुंदियो तोंडात घास ठेवून हसला, पाद्री पोट धरून हसला. फाबियानने हात जोडून मान खाली घातली. त्याची सुटका झाली होती.

“आणि ही आमची रेनाटा! सगळ्यांना आवाज मिळवून देते, फक्त बोलू देत नाही!”

अंगण दणाणलं. रेनाटाही हसली. जरा उशिरा, पण हसली.

नंतर तिने दोमितिलाला घट्ट मिठी मारली. “केवढं धाडस केलंत! पुढच्या वर्षी हे सगळं मी संहितेत लिहून घालते.”

“घालू नकोस. पुढच्या वर्षी सैतान मी.”

“ते मंडळाची समिती ठरवेल ना. गुरुवारी या, तुमचं म्हणणं मांडा. बैठक वरच्या मजल्यावर असते, पण काळजी नको, पोरं तुम्हाला उचलून नेतील.”

दोमितिलाला एवढा राग आला की हातातला टमाले तिने परत ताटात ठेवला. मग पंख सोडवून रेनाटाच्या हातात दिले.

“देवाकडे चढून जावं लागतं, पोरी. सैतानाकडे लोक आपणहून खाली येतात. गुरुवारी मी इथेच अंगणात बसलेली असेन.”

गुरुवारी समिती आपापल्या खुर्च्या उचलून खाली आली.